नस आधी, गाठ नंतर

बाई पन्नाशीच्या. डाव्या कानाखाली साडेतीन सेंटिमीटरची गाठ, चार वर्षं हळूहळू वाढलेली. दुखत नव्हती, म्हणून राहून गेलेली. गाठीने कानाची पाळी वर उचलली होती. ही खूण दिसली की गाठ पॅरोटिड या लाळग्रंथीची समजून चालावं. सुईच्या तपासणीत प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा आला, या ग्रंथीत सर्वांत जास्त आढळणारी साधी गाठ. बाईंचा प्रश्न एकच होता: "डॉक्टर, तोंड वाकडं नाही ना होणार?"

प्रश्न रास्तच. पॅरोटिड ही आपली सर्वांत मोठी लाळग्रंथी, वजन जेमतेम 25 ग्रॅम. गालगुंडात सुजते ती हीच. चेहरा हलवणारी नस कानामागे कवटीच्या भोकातून बाहेर येते ती थेट हिच्यात शिरते आणि आतच तिचे आधी दोन, मग पाच फाटे होतात. ग्रंथीचा वरचा भाग, खोल भाग असं आपण म्हणतो, पण मध्ये पडदा नसतो. नस हीच सीमा. आणि ही गाठ नुसती सोलून काढायची नसते. तिचं आवरण जागोजागी पातळ असतं, त्यातून कोंब बाहेर डोकावतात. ते मागे राहिले तर काही वर्षांनी एका गाठीच्या जागी दाण्यांचा घोस उगवतो, आणि तेव्हा नस व्रणात अडकलेली असते.

भूल देणाऱ्या मॅडमना आधीच सांगितलं होतं: स्नायू सैल करणारं औषध नळी घालण्यापुरतं, अल्प मुदतीचं. त्याचा असर उरला तर नसेला धक्का लागूनही चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल टिपणारा मॉनिटर वाजत नाही.

कानापुढून पाळीला वळसा घालून मानेपर्यंत छेद घेतला. पाळीला संवेदना देणाऱ्या नसेचा मागचा फाटा जपला. तो गेला की पाळी बधिर होते. कुडीची फिरकी रुतली तरी बाईला कळत नाही.

मग मूळ नस. कानाच्या कूर्चेचं टोक तिच्याकडे बोट दाखवतं, त्याच्या साधारण एक सेंटिमीटर खाली आणि खोल ती असते. पण कूर्चा मऊ. जखम उघडी धरणारा रिट्रॅक्टर ओढला की टोक सरकतं, आणि आमचं तेच झालं. दाखवलेल्या जागी नस नव्हती. अशा वेळी खोल खणत जाणं ही सर्वांत मोठी चूक. थांबलो. कानाची हाडाची नळी आणि कानामागचं मास्टॉइड हाड यांच्यामधली खाच बोटाने चाचपली. नस तिथून 6 ते 8 मिलिमीटर आत. हाड हलत नाही, म्हणून ही खूण भरवशाची. खालून, जबड्याखालच्या डायगॅस्ट्रिक स्नायूचा मागचा भाग मोकळा केला, कारण नस जवळपास त्याच पातळीवर येते. तेवढ्यात नसेजवळची बारीक रोहिणी फुटली आणि खड्डा रक्ताने भरला. इथे रक्त थांबवायला आंधळेपणाने डाग देऊ नये. गॉज दाबून पाच मिनिटं धरलं, उचललं, तर खाली ती दिसली: पांढरी, चपटी, दोन-अडीच मिलिमीटर रुंद.

खालचा फाटा गाठीवर फितीसारखा ताणून बसला होता. मॉस्किटो या बारीक चिमट्याचं टोक नसेच्या वरून, तिच्याच दिशेने घालायचं, उचलायचं, उघडायचं, आणि खाली नस दिसली तरच वरची ग्रंथी कापायची. खालच्या ओठाच्या फाट्यापाशी चाळीस मिनिटं गेली. गाठ भोवतालच्या ग्रंथीसकट अखंड निघाली.

संध्याकाळी वॉर्डात बाईंना सांगितलं: कपाळाला आठ्या घाला, डोळे घट्ट मिटा, गाल फुगवा, दात दाखवा. पहिल्या तिन्ही गोष्टी नीट जमल्या. दात दाखवताना डावा खालचा ओठ किंचित मागे राहिला. नस अखंड होती आणि शेवटी मुळाशी विजेचा हलका झटका देणारा स्टिम्युलेटर लावल्यावर ओठ हलला होता, म्हणजे हा ताणाचा परिणाम. काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत भरून येतो. लेकीने आरसा पुढे धरला. बाईंनी दोनदा हसून पाहिलं आणि विचारलं, "जेवताना गाल सुजला तर?" उरलेल्या ग्रंथीची लाळ कातडीखाली साचू शकते, तेव्हा लगेच दाखवायला या, पट्टी घट्ट बांधू, आणि तोवर चिंच-लिंबू बंद, असं सांगितलं.