तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन असताना हाताने का शिवता?

जुन्या काळचे थंडीतले हुड आणि हातमोजे शिवायला लागल्यापासून हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच नीट सांगून टाकते.

सुरुवात मीही मशीनवरच केली होती हो. 1936 साली उत्तर नॉर्वेत, आंदोया बेटावर दलदलीत पुरलेला एक माणूस अंगावरच्या कपड्यांसकट सापडला, साधारण अकराव्या शतकातला, आणि त्याच्याजवळ एक लोकरी हुड होता. त्याचं बेतणं इतकं सोपं की बघून हसूच आलं. एक लांब आयत दुमडायचा, पुढे नि मागे चीर द्यायची, दोन चौकोन कळ्यांसारखे त्यात बसवायचे, झाला खांद्यावर घेर! कापड जवळजवळ वाया जातच नाही. म्हटलं, हे तर एका संध्याकाळचं काम.

कसलं काय. जिथे चीर संपते ना, तिथे शिवणीला कापड उरतच नाही, आणि चौकोनाचा कोपरा नेमका तिथेच बसवायचा असतो. त्यात जाड लोकर, मशीनच्या पायाखाली खालचा थर पुढे सरकतो, वरचा मागे राहतो, की पडली चुणी. उसवलं, परत शिवलं, परत चुणी. तिसऱ्यांदा वैतागून सुई-दोरा घेतला आणि एकेक टाका घालत, अंगठ्याने कापड किंचित आत ढकलत गेले, तर तो कोपरा मुकाट्याने बसला.

पण खरं उत्तर हे नाहीच, ते आहे ग्रीनलंडमध्ये. 1921 मध्ये डॅनिश पुरातत्त्वज्ञ पॉल न्योर्लुंड यांनी हेरयोल्फ्सनेस या मध्ययुगीन नॉर्स वस्तीच्या जुन्या दफनभूमीत खोदकाम केलं तेव्हा गोठलेल्या जमिनीत लोकरी झगे आणि मागे लांब शेपटी असलेले हुड निघाले, कफन म्हणून मृतांना गुंडाळलेले. त्यातल्या काही कपड्यांच्या काठांवर असे टाके आहेत की सुई आरपार जातच नाही, कापडाच्या जाडीतल्या जाडीत फिरते, काठ घट्ट होतो आणि दोरा वरून जवळपास दिसतही नाही. आता माझ्या घरच्या मशीनची सुई तर आरपारच जाणार, ती अर्ध्यात थांबणार कशी?

हे मी शिकले तेव्हा बोटांची चाळण झाली. सुई अर्ध्या जाडीत गेली की नाही हे डोळ्यांना कळत नाही, खाली धरलेल्या बोटाला कळतं, आणि अंगुस्तान घातलं तर कळत नाही, म्हणजे टोचून घेणं आलंच. दोरा लोकरीचाच घ्यायचा, लांब घेतला तर झिजून तुटतो, म्हणून हातभरच. आणि कापड आधी गरम पाण्यात साबण लावून चांगलं मळून आटवून घ्यायचं, मग लोकर एकमेकांत अडकते, काठाचे धागे सुटत नाहीत, वाराही कमी शिरतो. मी एकदा आळस केला आणि न आटवताच हुड शिवला, पहिल्या धुण्यात तो लहान मुलाच्या मापाचा झाला.

आणि हो, सगळंच हाताने शिवते असं समजू नका, मफच्या, म्हणजे दोन्ही हात आत घालायच्या ऊबदार नळीच्या, आतलं अस्तर गपचूप मशीनवर मारते. तो पहिला चुणीवाला हुड अजून आहे, त्यात सुया टोचून ठेवते.