घोडावर की घोड्यावर?

गाळलेल्या जागांच्या गोष्टींनी मुलांना खरंच व्याकरण येतं का, की नुसती हसाहशी होते? पालक विचारतात, शिक्षकही विचारतात, आणि बहुतेकांच्या मनात ‘नुसती हसाहशी’ हे उत्तर आधीच ठरलेलं असतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी खेळ सांगते. एक साधी गोष्ट लिहायची, तिच्यातले काही शब्द काढायचे आणि ती मुलांना अजिबात दाखवायची नाही. फक्त मागत जायचं: एक प्राणी सांगा, एक वस्तू सांगा, ‘कसा?’ असं विचारलं तर उत्तरात येईल असा एक शब्द सांगा. मिळालेले शब्द जागच्या जागी बसवायचे आणि गोष्ट मोठ्याने वाचायची. इंग्रजीत हा खेळ ‘मॅड लिब्ज’ या नावाने रुजला. रॉजर प्राइस आणि लेनर्ड स्टर्न या अमेरिकी विनोदी लेखकांना तो १९५३ मध्ये सुचला आणि १९५८ मध्ये त्याचं पहिलं पुस्तक निघालं. योगायोग असा की त्याच १९५३ मध्ये विल्सन टेलर या अमेरिकी संशोधकाने, मजकूर वाचायला किती सोपा आहे हे मोजण्यासाठी, शब्द गाळून ते वाचकाकडून भरून घेण्याची पद्धत मांडली. तिथे गाळलेला मूळ शब्दच हुडकायचा असतो. शाळेतल्या ‘रिकाम्या जागा भरा’मध्येही तसंच. खेळात मात्र कोणताही शब्द चालतो, प्रकार जुळला की झालं. अर्थाची जबाबदारी सुटते आणि मुलांचं लक्ष वाक्याच्या बांधणीकडे जातं. मला हवं असतं ते नेमकं हेच.

इंग्रजीत दिलेला शब्द बहुतेक वेळा जसाच्या तसा जागेवर बसतो. मराठीत तो बसत नाही, आणि म्हणूनच हा खेळ मराठीत जास्त शिकवतो असं माझं ठाम मत आहे.

समजा वाक्य आहे, ‘राजा ___वर बसला आणि निघाला.’ मुलांनी शब्द दिला ‘घोडा’. मी मुद्दाम तसंच वाचते, ‘राजा घोडावर बसला.’ लगेच गलका होतो, ‘घोड्यावर!’ पाल दिली असेल तर ‘पालीवर’, झुरळ दिलं असेल तर ‘झुरळावर’, कापूस दिला असेल तर ‘कापसावर’. प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं जे रूप बदलतं (घोडा-घोड्या), त्याला सामान्यरूप म्हणतात. हे नावही या मुलांनी ऐकलेलं नसतं, पण ते होतं कसं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. अशा वेळी आपण उत्तर सांगायचं नाही. फक्त विचारायचं, ‘काय बदललंस?’ घोडा, पाल, झुरळ यांच्या शेवटी काय काय झालं ते मूल स्वतः मांडू लागतं, आणि जो नियम पाठ करायला कंटाळा आला असता तो ते स्वतःच्या शब्दांत सांगतं.

हे पाठांतरातून येत नाही याची खात्री हवी असेल, तर एक न ऐकलेला शब्द द्या. ‘गुपटा’ म्हणा. दोन असले तर? ‘गुपटे.’ त्याला पाणी द्यायचं तर? ‘गुपट्याला.’ भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ मध्ये चार ते सात वर्षांच्या मुलांना काल्पनिक प्राण्यांची चित्रं दाखवून, बनावट इंग्रजी शब्दांची अनेकवचनं अशीच विचारली होती. पूर्वी कधीच न ऐकलेल्या शब्दांनाही मुलांनी नियमाप्रमाणे प्रत्यय लावले. नियम आत असतो. आपण फक्त तो मुलाला दाखवून द्यायचा असतो.

माझी सर्वांत आवडती जागा भूतकाळातली. वाक्य असं ठेवायचं: ‘उंदराने ___ खा___.’ क्रियापदाचा शेवटही मोकळा. डबा दिला तर ‘खाल्ला’, खुर्ची दिली तर ‘खाल्ली’, पुस्तक दिलं तर ‘खाल्लं’, चपला दिल्या तर ‘खाल्ल्या’. आता खाणारा बदला. हत्तीने खुर्ची खाल्ली, मुंगीने खुर्ची खाल्ली, मांजरांनी खुर्ची खाल्ली. क्रियापद ढिम्म. मग वर्तमानकाळात या: उंदीर खुर्ची खातो, मुंगी खुर्ची खाते, मांजरं खुर्ची खातात. इथे खुर्चीच्या जागी डबा आणला तरी क्रियापदाला फरक पडत नाही. मग विचारायचं, ‘क्रियापद कुणाचं ऐकतंय?’ मुलं अक्षरशः बोट ठेवून दाखवतात: इथे खाणाऱ्याचं, तिथे खाल्लेल्या वस्तूचं. मग ‘उंदराने खुर्चीला ढकललं’ घ्या. डब्याला ढकललं, चपलांना ढकललं, सगळीकडे ‘ढकललं’च. कुणाचंच ऐकत नाही! कर्तरी, कर्मणी, भावे ही या तीन प्रयोगांची अनुक्रमे नावं मी यानंतर सांगते. मोठ्या वर्गांतली मुलं ज्या प्रयोगांना घाबरतात, त्यांचा गाभा एवढाच आहे, आणि तो लहान मुलांनाही कळतो.

विशेषणांचं लवकर होतं. ‘लाल’ कुठेही तसाच राहतो; ‘हिरवा’ मात्र पालीसाठी ‘हिरवी’ होतो, झुरळासाठी ‘हिरवं’ आणि ‘हिरव्या पालीने’ म्हणताना आणखी वेगळा. दोन रंग पुरतात.

उभयान्वयी अव्ययांसाठी उलटं करते. बाकी वाक्य तसंच ठेवून फक्त जोडणारा शब्द गाळते: ‘तो पडला ___ हसला.’ आणि, पण, तरी, म्हणून. प्रत्येक शब्दाबरोबर तो माणूस बदलतो. ‘म्हणून’ बसवलं की मुलं थबकतात आणि मग त्याला हसण्याचं कारण शोधू लागतात.

कागदावर उतरवताना शुद्धलेखनही हाताशी येतं. ‘राजा ___त पडला’ मध्ये दूध दिलं की बोलताना सगळे बरोबर म्हणतात, पण लिहिताना हमखास ‘दूधात’ येतं. तिथे दूध-दुधात, फूल-फुलात, खीर-खिरीत अशी जोडी लावून दाखवली की पहिला दीर्घ स्वर ऱ्हस्व झालेला दिसतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ‘शरीर’सारखे शब्द बदलत नाहीत (शरीर-शरीरात), पण ते पुढच्या खेपेला. एका गोष्टीत एकच प्रश्न विचारावा. गोष्टीनंतर प्रश्नपत्रिका आली की मुलं पुन्हा शब्द देत नाहीत.

एक विनंती आहे. मूल घरच्या बोलीतला शब्द देईल, तर तो सुधारू नका. ‘लेकरू’ दिलं की ‘लेकराला’, ‘लेकरं’ सगळं नियमाने होतं. त्या बोलीलाही व्याकरण आहे, आणि आपल्या घरच्या बोलण्यात व्याकरण आहे हे मुलाला कळणं मला फार मोलाचं वाटतं.

संधी, समास, वृत्तं यांना हा खेळ फारसा उपयोगी नाही. ती वेगळी शिकवावी लागतात. क्रियाविशेषण मागितलं की विशेषणच येतं, तेव्हा ‘कसा?’ऐवजी ‘कसं धावला?’ असं क्रियेसकट विचारावं. गोष्ट मात्र शांत, साधी लिहा. मूळ गोष्टच विनोदी असेल तर मुलांच्या शब्दांना करायला काही उरत नाही.

मुलं सरावली की गोष्ट त्यांनाच लिहू द्या आणि शब्द त्यांनाच गाळू द्या. हा खेळाचा सर्वांत कसदार भाग आहे. जागेखाली नुसतं ‘वस्तू’ लिहिलं की कुणीतरी ‘चपला’ देतं आणि पुढचा ‘पडला’ बिघडतो. मग लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं: ‘एकवचनी पुल्लिंगी वस्तू’ मागायची, की क्रियापदाचा शेवटही मोकळा सोडायचा? यावर मुलांमध्ये चांगलाच वाद होतो. तो पूर्ण होऊ द्या, मध्ये बोलू नका.