टायटॅनिकवाली

"ही टायटॅनिकवालीच ना? मग फ्रेंचमध्ये कशाला गातेय?"

गाडीत टायटॅनिकचं 'माय हार्ट विल गो ऑन' गाणाऱ्या सेलीन दिऑनचा 'लाइव्ह आ पारी' हा लाइव्ह अल्बम लावला होता. मामेभावाचा प्रश्न साधाच, पण दिवसभर डोक्यात घोळत राहिला.

अरे, हा अल्बम १९९६चा. टायटॅनिकच्या आधीचा! बाई कॅनडातल्या क्युबेकची, १४ भावंडांत धाकटी, घरात फ्रेंचच. इंग्रजी नंतर शिकली.

पॅरिसच्या झेनिथ हॉलमधलं पब्लिक काय ओरडतं, ऐका एकदा. मला शब्द कळत नाहीत, तरी इथे ती जास्त मोकळी वाटते. इंग्रजी गाणी त्यामानाने इस्त्री केल्यासारखी. (माझं मत, भांडू नका.)

आणि 'सैराट'वाल्या अजय-अतुलना कुणी 'धडक'वाले म्हटलं की आपल्याला किती झोंबतं, नाही?