गाडी ऑइल खात असेल तर जॉब कार्डावर तसंच लिहून घ्या

माझी पेट्रोल गाडी ऑइल खात होती. रात्री उभी करते त्या फरशीवर एक थेंब नाही, कूलंटची पातळी जिथल्या तिथं, आणि तरी हजारभर किलोमीटर झाले की ऑइलची पातळी बघायच्या दांडीवरची (डिपस्टिक) रेघ वरच्या खुणेपासून सरकून खालच्या खुणेच्या जवळ आलेली असायची. गाडी वॉरंटीत होती, सर्व्हिसिंग सगळं शोरूममध्येच वेळच्या वेळी केलेलं.

हे लक्षात आलं बाबांमुळं. बाबा एसटीत चालक होते, सोलापूर आगारातून निवृत्त झाले. गाडी काढण्याआधी बॉनेट उघडून दांडी बघायची, हा त्यांचा नेम घरच्या गाडीलाही आहे. गाडी सपाट जागेवर हवी, इंजिन बंद करून थोडा वेळ गेलेला हवा, दांडी एकदा पुसून परत घालायची आणि मगच वाचायची. नवीन गाडी देताना हे आता कुणी सांगत नाही. लाल दिवा आहे की, म्हणतात. तो दिवा बहुतेक गाड्यांत ऑइलचा दाब पडल्यावर लागतो, पातळी घटल्यावर नाही. तो लागेपर्यंत आतल्या बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं.

अक्कलकोट रोडला माझा शालेय गणवेशाचा छोटा कारखाना आहे. शाळा उघडण्याआधीचे दोन-तीन महिने गाडी सारखी लातूर, कलबुर्गी, पुणे अशी पळते. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन, पुण्याचे अडीचशे किलोमीटर, आणि डिकीत ऑइलचा डबा. टेंभुर्णीच्या पुढं कुठंतरी इंजिन जाम झालं तर माल अडकणार, ही धास्ती कायम मनात.

शोरूमच्या सर्व्हिस अॅडव्हायझरनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, उन्हाळ्यात थोडं ऑइल खातंच की. टॉप-अप करून देतो, पुढच्या सर्व्हिसिंगला बघू.” जॉब कार्डावर, म्हणजे गाडीची तक्रार आणि करायचं काम नोंदवायच्या कागदावर, त्यानं लिहिलं, ‘जनरल चेकअप, ऑइल टॉप-अप’. मी सही केली नाही. माझं सगळं सांगणं इथंच येऊन थांबतं. उद्या वॉरंटी संपल्यावर इंजिन उघडायची वेळ आली, तर कंपनी जुनी जॉब कार्डं काढणार. त्यात टॉप-अप दिसलं तर तक्रार कधी झालीच नव्हती, असा अर्थ निघतो. मी त्याला वाक्य सांगितलं, ‘इंजिन ऑइल खाते, 1,000 किमीला सुमारे 700 मिली, बाहेर गळती नाही.’ सिस्टिममध्ये असा पर्याय नाही म्हणाला. मग पेनानं लिहा आणि शिक्का मारा, म्हटलं. वर्क्स मॅनेजरपर्यंत जावं लागलं, पण लिहिलं गेलं. त्याच संध्याकाळी कार्डाचा फोटो जोडून कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केला.

पुढच्या सर्व्हिसिंगला बघू, या बोलण्यातला हिशेब मी तिथंच मांडून दाखवला होता. सर्व्हिसिंग 10,000 किलोमीटरला. हजाराला 700 मिली गेलं तर तोवर 7 लिटर ऑइल जळणार. इंजिनात मावतं साधारण साडेतीन लिटर. म्हणजे वरून भरत राहिले नाही तर निम्म्या वाटेतच इंजिन कोरडं पडेल. आणि माझ्या गाडीच्या पुस्तिकेत मर्यादा छापलेली आहे, 1,000 किलोमीटरला अर्धा लिटर. काही कंपन्या एक लिटरपर्यंतही चालतं म्हणतात, म्हणून आपापली पुस्तिका उघडून आकडा बघायलाच हवा. ‘थोडं खातं’ हे उत्तर मला मान्य नव्हतं, कारण थोडं म्हणजे किती ते कंपनीनंच छापलंय.

मग दोन उपाय सुचवले गेले. एक, जाड ऑइल घालू. पुस्तिकेत 0डब्ल्यू-20 हा पातळ ऑइलचा ग्रेड लिहिलाय. दुसरा ग्रेड घातला तर वॉरंटीला बाधा येणार नाही हे कंपनीकडून लेखी द्या, म्हटलं. ते काही आलं नाही. दुसरा, माझ्या खर्चानं इंजिन फ्लश, म्हणजे औषध घालून इंजिन आतून धुणं. कारण सापडायच्या आधी औषधाचे पैसे मी का भरू? मी ऑइल कन्झम्प्शन टेस्ट मागितली.

ही चाचणी अवघड नाही, फक्त शिस्तीनं व्हावी लागते. नवीन ऑइल आणि फिल्टर घालून पातळी बरोबर वरच्या खुणेवर आणतात. खालचा ड्रेन बोल्ट, वरचं झाकण आणि दांडी यांना सील किंवा रंगाची खूण करतात, म्हणजे मध्येच कुणी ऑइल काढलं-घातलं असं दोघांपैकी कुणालाच म्हणता येत नाही. किलोमीटर कार्डावर लिहितात. हजार किलोमीटर चालवून गाडी परत आणायची आणि वरच्या खुणेपर्यंत यायला किती ऑइल लागतं ते मापानं भरून बघायचं. मी सीलचे फोटो काढले आणि मोजताना शेजारी उभी राहिले. 680 मिली लागलं. वर्क्स मॅनेजरनं स्वतःच्या हातानं आकडा लिहिला.

त्यानंतर बोलणं बदललं. कंपनीचा इंजिनिअर आला, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो) आणि लीक-डाउन (भरलेली हवा किती निसटते) तपासलं गेलं. तिथल्या एका वयस्कर मेकॅनिकनं मला नीट समजावलं, त्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो. पिस्टनला सहसा तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब धरतात, खालची सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल निपटते आणि ते पिस्टनच्या बारीक भोकांतून खाली जातं. ती भोकं कार्बननं बुजली आणि रिंग खाचेत चिकटली की ऑइल भिंतीवरच राहतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. सकाळी पहिल्या स्टार्टलाच निळा धूर आला तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय जास्त. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आला तर रिंगांवर. माझ्या गाडीचा धूर डोळ्यांना दिसतच नव्हता. धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही, असं धरून चालू नका.

इंजिन उघडल्यावर त्यांनी मला बोलावलं. चारही पिस्टनच्या खालच्या रिंगा खाचेत घट्ट बसलेल्या, बोटानं हलेनात. पिस्टन आणि रिंगा वॉरंटीत बदलल्या. जुने भाग कंपनीकडे परत जातात म्हणून मिळाले नाहीत, फोटो काढू दिले. बिलात मात्र ऑइल, फिल्टर, कूलंट आणि गॅस्केट माझ्या नावावर टाकलेलं. वॉरंटीच्या कामासाठीच इंजिन उघडलं, मग हे सामान माझ्याकडून का, असा मेल केला. त्यात 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आणि सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा उल्लेख केला. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि माझी गाडी नऊ लाखांची, त्या किमतीला फी 200 रुपये. तिथवर जायची वेळ आली नाही. बिल शून्य करून आलं. आयोगाच्या आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते.

गाडी ताब्यात घेताना दुसरी चाचणी करून देऊ, असं कार्डावर लिहून घेतलं. सील लावून हजार किलोमीटर चालवली, पंढरपूर आणि लातूरच्या फेऱ्यांतच झाले. या वेळी 50 मिलीही लागलं नाही. तो कागद दोघांच्या सहीनं फाइलला लावलाय, आणि डिकीतला ऑइलचा डबा बाहेर काढलाय.