हंगामी कामाच्या क्लाउडवर क्यू आणि टॉपिकांची आपोआप नोंद: माझा अनुभव

संभाजीनगरातून आम्ही जी सॉफ्टवेअर सांभाळतो, त्यांतून साखर कारखान्यांच्या काटापावत्या आणि बाजार समित्यांमधली आवक व भाव यांचे संदेश ॲमेझॉनच्या क्लाउडवरून फिरतात. प्रत्येक ग्राहकाचे अकाउंट वेगळे. बहुतेकांचे काम मुंबई रीजनमध्ये (ॲमेझॉनच्या डेटा सेंटरांचा विभाग) चालते, काहींचे हैदराबादमध्ये. एसक्यूएसच्या क्यू (उचलले जाईपर्यंत संदेश थांबण्याच्या रांगा) आणि एसएनएसचे टॉपिक (आलेला संदेश अनेकांना वाटणारे) किती, कोणाचे, चालू की बंद, याची रोज आपोआप भरणारी यादी हवी होती. यादी जमवणे त्या मानाने सोपे गेले. एखादी क्यू खरेच निकामी झाली आहे का, हे ठरवणे अवघड.

टॅगवरून (संसाधनाला आपण लावलेली चिठ्ठी) संसाधने शोधणारी एपीआय पहिल्यांदा सगळ्यांना सुचते, कारण एकाच कॉलमध्ये सगळ्या सेवा येतात. पण ज्यांना आजवर एकदाही टॅग लागलेला नाही, ती संसाधने त्यात येतच नाहीत. बेवारस क्यू नेमक्या तशाच असतात. म्हणून प्रत्येक सेवेचा स्वतःचा लिस्ट कॉल वापरायचा असे ठरवले.

आधी परवानग्या. प्रत्येक अकाउंटमध्ये फक्त वाचणारा रोल (परवानग्यांचा संच) हवा: क्यूंची यादी, क्यूचे ॲट्रिब्यूट (सेटिंग आणि आकडे), टॅग, टॉपिकांची यादी, सबस्क्रिप्शन (टॉपिकचे संदेश कुठे जातात त्याची नोंद), क्लाउडवॉचची मेट्रिक (वापराचे मोजलेले आकडे) आणि रीजनची यादी. रिसीव्ह मेसेजची परवानगी चुकूनही देऊ नये. 'आत काय आहे ते बघू' म्हणून संदेश उचलला, तर तो व्हिजिबिलिटी टाइमआउट संपेपर्यंत क्यू उपसणाऱ्या खऱ्या प्रोग्रामला दिसत नाही (डीफॉल्ट ३० सेकंद, जास्तीत जास्त १२ तास). शिवाय त्याची रिसीव्ह काउंट (तो किती वेळा उचलला गेला) वाढते आणि मर्यादा ओलांडली की तो डेड लेटर क्यूमध्ये, म्हणजे फसलेले संदेश बाजूला ठेवणाऱ्या क्यूमध्ये, जाऊन पडतो. रोल सगळीकडे पोचवायला स्टॅकसेट (एकच साचा अनेक अकाउंटांत बसवणारे साधन) सोयीचे आहेत, पण सर्व्हिस-मॅनेज्ड स्टॅकसेट मुख्य मॅनेजमेंट अकाउंटमध्ये काही बसवत नाहीत. तिथला रोल हाताने करावा लागतो.

हैदराबाद हे ऑप्ट-इन रीजन आहे, म्हणजे ते अकाउंटमध्ये आधी मुद्दाम सुरू करावे लागते. एसटीएस (रोल वापरायला तात्पुरते टोकन देणारी सेवा) हिच्या ग्लोबल पत्त्यावरून घेतलेले टोकन डीफॉल्ट सेटिंगमध्ये अशा रीजनला चालत नाही. 'सिक्युरिटी टोकन अवैध' असा एरर येतो आणि माणूस रोलच्या पॉलिसीत दोष शोधत बसतो. टोकन रीजनल पत्त्यावरून, म्हणजे मुंबईच्या एसटीएसकडून घेतले की ते सगळीकडे चालते. कोणते रीजन सुरू आहेत हे दर अकाउंटला विचारून घ्यावे, स्क्रिप्टमध्ये पक्के लिहून ठेवू नये.

क्यूंच्या यादीत एक गुपचूप खड्डा आहे. मॅक्स रिझल्ट्स (एका पानात किती हव्यात तो आकडा) दिले नाही तर उत्तरात पुढचे पान मागण्याचे टोकनच येत नाही. पहिल्या १००० क्यू मिळतात, एरर काही नाही, आणि यादी पूर्ण वाटते. पायथनच्या बोटो३ लायब्ररीमधल्या पॅजिनेटरलाही (पुढची पाने आपोआप मागणारा) पेज साइझ स्पष्ट द्यावी लागते. एसएनएस एका पानाला १०० टॉपिक देते आणि हे कॉल सेकंदाला ३० वर रोखते, त्यामुळे रीट्राय मोड (अडलेला कॉल आपोआप पुन्हा करणारी सोय) आधीच लावून ठेवावा. यादीत दिसलेली क्यू ॲट्रिब्यूट मागताना 'अस्तित्वात नाही' म्हणाली तर घाबरू नये, डिलीट पूर्ण व्हायला ६० सेकंदांपर्यंत लागतात. ॲक्सेस डिनाइड आले तर मात्र ती ओळ गाळू नये. क्यूच्या पॉलिसीत स्पष्ट डिनाय असू शकतो. 'दिसते, पण वाचता येत नाही' हीसुद्धा नोंदच आहे, आणि बहुधा महत्त्वाची.

ओळीची किल्ली म्हणून एआरएन (अकाउंट, रीजन आणि नाव मिळून होणारी पूर्ण ओळख) घ्यावा, कारण एकच नाव पाच अकाउंटांत सापडते. क्यू पुसून त्याच नावाने पुन्हा केली तर एआरएनही तोच राहतो, म्हणून सोबत तयार झाल्याची वेळ ठेवावी. टॉपिकच्या ॲट्रिब्यूटमध्ये ही वेळ नसते. तिथे आमच्या यादीत तो पहिल्यांदा कधी दिसला, ती तारीख लिहितो. रीड्राइव्ह पॉलिसी (किती वेळा फसलेला संदेश कोणत्या डेड लेटर क्यूमध्ये टाकायचा हा नियम) जेसनच्या आत मजकूर म्हणून येते, ती पुन्हा वेगळी पार्स करावी लागते.

आता निकामी कोण, हा प्रश्न. क्यूमधल्या संदेशांचा आकडा शून्य दिसला म्हणजे काही सिद्ध होत नाही. उपसणारा प्रोग्राम नीट चालत असेल तर तो शून्यच असायला हवा, आणि मुळात तो आकडा अंदाजे असतो. मग क्लाउडवॉचकडे जावे. तिथे क्यूला हात लागल्यापासून सहा तासांपर्यंत ती 'ॲक्टिव्ह' धरली जाते आणि तिची मेट्रिक निघत राहतात. आपण रोज ॲट्रिब्यूट विचारतो, म्हणजे आपलीच स्क्रिप्ट तिला जागी करते. त्यामुळे डेटा आहे की नाही हे पाहून काही कळत नाही, पाठवलेल्या संदेशांची बेरीज शून्याच्या वर आहे का ते बघावे लागते.

ही बेरीज किती काळाची घ्यायची, यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. अनेक जण ९० दिवस धरतात. आमच्याकडे गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो. ऑगस्टमध्ये मागचे ९० दिवस पाहिले, तर काटापावतीची प्रत्येक क्यू मेलेली दिसेल. लातूरकडच्या सोयाबीनच्या आवकेचेही तेच, गर्दी दसरा-दिवाळीच्या आसपास. क्लाउडवॉच एक तासाच्या पिरियडचा डेटा ४५५ दिवस ठेवते, त्यात पूर्ण वर्ष बसते. मागताना मात्र हिशेब करावा. एका विनंतीला ५०० मेट्रिक आणि १,००,८०० बिंदू ही मर्यादा आहे. तासाने मागितले तर एका क्यूचे १०,९२० बिंदू होतात आणि विनंतीत नऊच क्यू मावतात. पिरियड ८६,४०० सेकंद केला की क्यूमागे ४५५ बिंदू, म्हणजे दोनशेहून अधिक क्यू एका विनंतीत. मेट्रिकची नावे लिस्ट मेट्रिक्समधून घेऊ नयेत, दोन आठवडे डेटा नसलेली नावे तिथून गायब होतात. आपल्या यादीतल्या नावांनीच विचारावे.

डेड लेटर क्यूला हा नियम लावायचाच नाही. प्रक्रिया फसून आपोआप तिथे गेलेले संदेश 'पाठवलेले' या मेट्रिकमध्ये मोजले जात नाहीत, त्यामुळे भरलेली क्यूही शून्य दाखवते. तिच्यासाठी शिल्लक संदेशांची वर्षभरातली कमाल बघावी, आणि कोणत्या क्यूंची रीड्राइव्ह पॉलिसी तिच्याकडे बोट दाखवते तेही. सोबत रिटेन्शन, म्हणजे संदेश किती दिवस ठेवला जातो, तेही तपासावे. स्टँडर्ड क्यूमधून डेड लेटरमध्ये जाताना संदेशाची मूळ वेळच धरली जाते. दोन्हीकडे डीफॉल्ट चार दिवस असतील आणि संदेश तिसऱ्या दिवशी तिथे पोचला, तर तपासायला एकच दिवस उरतो. काटापावती ही शेतकऱ्याच्या बिलाचा आधार आहे, म्हणून आम्ही तिथे सरळ कमाल १४ दिवस लावतो.

सबस्क्रिप्शनमध्ये दोन गोष्टी सापडतात: एआरएनच्या जागी 'पेंडिंग कन्फर्मेशन' (घेणाऱ्याने अजून होकार न दिलेल्या) असलेल्या आणि यादीत नसलेल्या क्यूकडे पाठवणाऱ्या. दुसरी दिसली की आधी ती क्यू दुसऱ्या अकाउंटची तर नाही ना, हे एआरएनमधल्या अकाउंट क्रमांकावरून बघावे.

स्क्रिप्ट चालवायला लॅम्ब्डा (सर्व्हर न सांभाळता कोड चालवणारी सेवा) पुरते, पण १५ मिनिटांची मर्यादा असल्याने स्टेप फंक्शन्सच्या मॅपने (एकच काम अनेक नोंदींवर वेगवेगळे चालवणारी सोय) अकाउंट आणि रीजनच्या जोडीमागे एक धाव ठेवली. निकाल एस३ या साठवणीत तारखेनुसार जातो आणि अथेना या क्वेरी सेवेवर वाचता येतो. संशयित क्यूमध्ये कोण पाठवते हे क्लाउडट्रेल (कोणी कोणता कॉल केला याची नोंदवही) आपणहून सांगत नाही, कारण सेंड मेसेज हा डेटा इव्हेंट आहे आणि त्याची नोंद मुद्दाम सुरू करावी लागते. तो तेवढ्या क्यूपुरता सुरू करावा, सगळीकडे केला तर बिल फुगते. पुसण्याआधी ॲट्रिब्यूट, पॉलिसी आणि टॅग जेसनमध्ये उतरवून ठेवतो, म्हणजे क्यू जशीच्या तशी पुन्हा उभी करता येते. आतले संदेश परत येत नाहीत, म्हणून हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर आम्ही एकही क्यू पुसत नाही.