गेतासचा गळ

शनिवार, रात्री उशिरा

मेनँडर या प्राचीन ग्रीक नाटककाराचं ‘दिस्कोलोस’ हे विनोदी नाटक आज दुसऱ्यांदा वाचून संपवलं. दिस्कोलोस म्हणजे तिरसट माणूस. इ. स. पूर्व 316 साली अथेन्सच्या लेनाया उत्सवात या नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे ते शतकानुशतकं हरवलं होतं, आणि विसाव्या शतकात इजिप्तमधल्या एका पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदावर, जवळजवळ अख्खं हाती लागलं. केवढं भाग्य आपलं!

तो तिरसट माणूस म्हणजे क्नेमोन, अथेन्सजवळच्या फिली गावाच्या खडकाळ रानात राबणारा म्हातारा. कुणी वाटेला गेलं की ढेकळं मारतो, दगड मारतो, तेही संपले की झाडाची नाशपाती. बायको कधीच सोडून गेलेली. घरात एक लेक आणि म्हातारी दासी.

दासीच्या हातून पोहरा विहिरीत पडतो. तो काढायला ती कुदळ बांधून सोडते, तर कुजका दोर तुटून कुदळही आत. क्नेमोन संतापतो. शेजारी नैवेद्याच्या गडबडीत असलेला गेतास नावाचा गुलाम म्हणतो, आम्ही देतो गळ आणि दोर. त्यावर म्हातारा त्याला शिव्याशाप देतो, स्वतः विहिरीत उतरतो आणि पडतो.

तिथे मी पुस्तक मिटून बसले. आजोळी विहिरीत कळशी पडली की मामी मला गळ आणायला पिटाळायची. अख्ख्या आळीत एकच गळ, लोखंडी आकड्यांचा, गंजलेला. तो कुणाच्या मालकीचा हे मला कधी कळलंच नाही. शेवटी ज्याच्याकडे राहिला त्याच्याकडून आणायचा.

क्नेमोनला बाहेर काढतो त्याचा सावत्र मुलगा गोर्गियास, ज्याला त्याने कधी धड बोलूही दिलं नव्हतं. मग म्हातारा पडल्या पडल्या बोलतो: मला वाटायचं आपल्याला कुणाची गरज नाही, ते चुकलं. शेत आणि लेक, दोन्ही तो गोर्गियासवर सोपवतो. माफी मात्र मागत नाही, आणि मला ते खरं वाटतं. त्या वयाच्या माणसाला एका दुपारी एवढंच जमेल.

शेवटचा प्रवेश मला सोसवत नाही. लेकीच्या लग्नाची मेजवानी रंगात आलेली असताना दोघेजण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला बाहेर आणून ठेवतात, दार बडवून त्याच्याकडे भांडी मागतात, नाच म्हणून छळतात. पूर्वी गावाला हसू आलं असेल. मला त्याचे हात दिसत होते, काहीही फेकून मारता न येणारे.

त्या दोघांतला एक गेतास.