आमची वाटचाल: एका टक्क्याची रेघ

धुळ्यात खाद्यतेल तपासायची लॅब काढली तेव्हा जवळ एक जुना ब्युटिरो रिफ्रॅक्टोमीटर (तेलातून जाताना प्रकाश किती वळतो ते मोजणारं यंत्र), एक वॉटर बाथ आणि पारोळ्याचे आप्पा, एवढंच होतं. आप्पांची ऑइल मिल आमचं पहिलं गिऱ्हाईक. तेलाची बाटली पिशवीत घालून दर आठवड्याला स्वतः एसटीने यायचे.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या शेंगदाणा तेलाला हाल्फेन चाचणीत, म्हणजे सरकीचं तेल मिसळलं असेल तर रंग देणाऱ्या चाचणीत, गुलाबी छटा आली. 'सरकी तेल आढळले', असा अहवाल देऊन मी मोकळा झालो. किती, ते लिहिलं नाही. व्यापाऱ्याने अख्खी गाडी परत पाठवली. आप्पा दारात उभे. "भाऊ, मन्हा तेलमा सरकी कथाइन उनी?"

रिफ्रॅक्टोमीटर इथे कामाचा नाही. ४० अंशाला शेंगदाण्याचं रीडिंग ५४.० ते ५७.१, सरकीचं ५५.६ ते ६०.२, थोडी सरकी त्यात सहज लपते. मग आप्पांसमोर काढलेल्या शुद्ध तेलात अर्धा, एक, दोन, पाच, दहा टक्के सरकी घालून नळ्या लावल्या. अमाइल अल्कोहोल, गंधक घातलेलं कार्बन डायसल्फाइड, खाली मिठाचं उकळतं पाणी. घाण वास दोन दिवस खोलीतून गेला नाही. पाचाची नळी लालबुंद झाली. आप्पांच्या तेलाचा रंग अर्ध्या आणि एकाच्या मध्ये बसला! मिलवर जाऊन पाहिलं, तर एकाच एक्स्पेलरवर, म्हणजे तेल काढायच्या यंत्रावर, सरकीमागून शेंगदाणे; आधीची उरलेली सरकी त्यात आली होती. भेसळ करणारा एवढ्याशा सरकीसाठी हात घालत नाही, त्यात त्याला सुटतं काय? म्हणून एक टक्क्याच्या आतलं भेसळ धरायचं नाही, ही आमची रेघ.

तोवर एका नव्या लॅबने 'आम्ही कणही सोडत नाही' म्हणत आमची निम्मी गिऱ्हाइकं नेली. आठ महिने भाडं थकलं. तो राग अजून गेलेला नाही. कण सापडला म्हणून माणूस चोर ठरत नाही. २०१३ साली ब्रिटनमध्ये गोमांसात घोड्याचं मांस निघालं, तेव्हा तिथेही एक टक्क्याचीच रेघ धरली होती. खाण्यात घातलेल्या कृत्रिम रंगांचं वेगळं. मिरची पुडीत सुदान, डाळीत मेटॅनिल यलो यांना मुळात परवानगीच नाही, तिथे सवलत कसली?

नंतरची वर्षं कामात गेली. मिलवाल्यांना एक सांगतो: अहवालात नुसतं 'आढळले' असेल तर परत करा. टक्के मागा, चाचणी कमीत कमी किती पकडते तेही लिहून घ्या. आणि माल बदलताना पहिले डबे वेगळे काढा.

आता आप्पांचा मुलगा येतो. दोन बाटल्या आणतो, एकीवर चिठ्ठी असते: 'सरकीनंतरचा पहिला डबा'.